शक्ती, ऊर्जा आणि युनिट : विद्युत्-परिपथातील शक्तिगणनेचा इतिहास व मराठी परिभाषा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा हे तेरेखोल नदीच्या काठचे बाजारगाव. विजापूरच्या राजवटीत ते आदिलाबाद या नावाने ओळखले जाई व खाडीच्या वाटेने येणाऱ्या मालाची ती एक मोठी पेठ होती. मालाबरोबर शब्दही येतात, हे भाषाभ्यासकास सांगावयास नको. आज त्याच बाजारात उभे राहिले असता विजेसंबंधी तीन वाक्ये सहज कानी पडतात : ‘पाच एचपीची मोटर बसयली’, ‘ह्या म्हयन्यात दोनशे युनिटां पडली’ आणि ‘लायट गेली’. बोलणारा शेतकरी असो, काजूचा कारखानदार असो वा पिठाच्या गिरणीचा मालक असो, या तीन वाक्यांत तो तीन भिन्न वस्तूंविषयी बोलत असतो आणि त्यांची गल्लत तो सहसा करीत नाही. पहिल्या वाक्यात यंत्र किती वेगाने काम करू शकते हे सांगितले आहे, दुसऱ्यात एकूण किती काम करून घेतले याचा हिशेब आहे, तर तिसऱ्यात तारांतून येणाऱ्या पुरवठ्याचा उल्लेख आहे.

याच वस्तूंविषयी ग्रांथिक मराठी लिहू लागते तेव्हा मात्र हा स्पष्टपणा टिकत नाही. ‘या केंद्रात दररोज साठ मेगावॅट वीज निर्माण होते’ अशा तऱ्हेची वाक्ये आपण छापील मजकुरात वारंवार वाचतो. हे वाक्य ‘ही गाडी दररोज ताशी साठ किलोमीटर अंतर जाते’ असे म्हणण्यासारखे आहे, कारण मेगावॅट हे वेगाचे माप असून ‘दररोज’ या क्रियाविशेषणाला येथे अर्थच राहत नाही. बाजारातील बोली जो भेद सहज पाळते तो ग्रांथिक भाषेने का गमवावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी विद्युत्-परिपथातील शक्तिगणनेचा इतिहास आणि तिच्या मराठी परिभाषेचा इतिहास हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

प्रथम शब्दाचा विचार करू. नित्याच्या मराठीतील तीन समास घ्यावेत : गुरुत्वाकर्षणशक्ती, अणुशक्ती आणि अश्वशक्ती. उत्तरपद एकच असले तरी पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिल्या समासात शक्ती म्हणजे ओढणारे बल. दुसऱ्यात शक्ती म्हणजे द्रव्यात साठलेली व काम करून देऊ शकणारी राशी, म्हणजे आजची ऊर्जा. मुंबईतील अणुशक्तीनगर या वसाहतीच्या नावात हा अर्थ अद्याप नांदत आहे. तिसऱ्यात शक्ती म्हणजे काम होण्याचा दर. विद्युत्-परिपथाच्या संदर्भात आपणास अभिप्रेत असलेली शक्ती ती हीच. एका शब्दात तीन राशी एकमेकींवर बसल्या आहेत आणि त्यांची मापे न्यूटन, जूल व वॅट अशी सर्वस्वी निराळी आहेत.

याबद्दल मराठीस दोष देण्याचे कारण नाही. संस्कृत ‘शक्’ धातूचा अर्थ ‘समर्थ असणे’ असा आहे. इंग्रजीतील ‘पॉवर’ हा शब्दही फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘समर्थ असणे’ याच अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. तेव्हा ‘पॉवर’ला ‘शक्ती’ म्हणणाऱ्यांनी लौकिक अर्थाचे भाषांतर अगदी बिनचूक केले होते. अडचण एवढीच, की विज्ञानाने या शब्दाला जो अर्थ दिला तो सामर्थ्याचा नसून दराचा आहे. सामर्थ्य अंगी असते, दर घड्याळ लावून मोजावा लागतो. युरोपातही हा भेद सहजासहजी रुजला नाही. हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याच्या शीर्षकात ‘क्राफ्ट’ हा शब्द आहे. तो शब्द आजच्या जर्मन पदार्थविज्ञानात केवळ बल या अर्थी वापरतात. असे असूनही वीजनिर्मितीच्या केंद्राला जर्मन भाषेत ‘क्राफ्टवेर्क’च म्हणतात, आणि दर या अर्थाच्या शक्तीसाठी ‘कर्तबगारी’ असा भाव असलेला ‘लाइस्टुंग’ हा निराळाच शब्द तेथे योजिला गेला. सारांश, बल, ऊर्जा व शक्ती या राशी कोणत्याच भाषेत जन्मतः वेगळ्या नव्हत्या. त्या वेगळ्या कराव्या लागल्या, आणि हे काम कोशकारांपेक्षा व्यवहाराने अधिक केले असे इतिहासावरून दिसते.

या व्यवहाराचा आरंभ जेम्स वॅटपासून होतो. अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात वॅट आपली वाफेची यंत्रे विकू लागला तेव्हा गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता : हे यंत्र माझ्याकडील किती घोड्यांचे काम करील? उत्तर देण्यासाठी वॅटने घोड्याच्या कामाचा दर ठरवून टाकला. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे, म्हणजे एक अश्वशक्ती. हा अंक सढळ हाताने धरलेला आहे, सामान्य घोड्यास दिवसभर तो निभणे कठीण. कोकणात रहाटाला जुंपलेल्या जनावराचा विचार केला तर ही राशी आणखी दूरची वाटते, कारण मध्यम बैलांची जोडी मिळून सतत कामात फार तर एका अश्वशक्तीच्या आसपास जाते. परंतु माप खरे होण्यापेक्षा सर्वमान्य होणे येथे महत्त्वाचे होते. शक्तिगणनेचा जन्म असा विक्रीच्या बोलणीत झाला.

विद्युत्-परिपथात ही गणना आणण्याचे श्रेय प्रथम जूलकडे जाते. वाहकात निर्माण होणारी उष्णता विद्युत्-प्रवाहाच्या वर्गाच्या व वाहकाच्या रोधाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हे त्याने १८४०-४१ च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. ओहमच्या नियमाशी याची सांगड घातली की एकदिश प्रवाहाच्या परिपथातील शक्तीचे साधे सूत्र मिळते : दाब गुणिले प्रवाह. एक व्होल्ट दाबाखाली एक अँपिअर प्रवाह वाहत असेल तर शक्ती एक वॅट. या एककास वॅटचे नाव द्यावे अशी सूचना विल्यम सीमेन्स याने १८८२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून केली, आणि १८८९ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने ती मान्य केली. ज्याने घोडा मोजला त्याचेच नाव घोड्याला हटविणाऱ्या एककाला मिळाले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट, हा या दोन युगांमधील विनिमयाचा दर होय.

१८८२ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले आणि वीज ही विकावयाची वस्तू बनली. वस्तू विकावयाची म्हणजे ती मोजली पाहिजे. एडिसनचा पहिला मापक रासायनिक होता. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत, ठरावीक मुदतीने त्या काढून तोलत व वजनातील फरकावरून बिल करीत. हा मापक वस्तुतः ऊर्जाही मोजत नव्हता व शक्तीही मोजत नव्हता, किती विद्युत्-भार वाहून गेला एवढेच तो सांगे. दाब स्थिर आहे असे गृहीत धरले म्हणूनच त्यावर हिशेब चाले. याच काळात ब्रिटनमध्ये व्यापार मंडळाच्या नावे विक्रीचे एकक रूढ झाले : एक हजार वॅट शक्ती एक तास वापरली की एक ‘युनिट’. बांद्याच्या बाजारात ‘दोनशे युनिटां’ म्हणणारा मनुष्य या ब्रिटिश एककाला मालवणी नपुंसकलिंगी अनेकवचनाचा प्रत्यय लावीत असतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणजे शुद्ध ऊर्जा.

येथे विक्रेत्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. एक ग्राहक चोवीस तास थोडी थोडी वीज घेतो, दुसरा तेवढीच युनिटे संध्याकाळच्या दोन तासांत घेतो. दोघांचा ऊर्जेचा हिशेब सारखा, परंतु दुसऱ्यासाठी केंद्रात कितीतरी मोठे यंत्र बसवून ठेवावे लागते. १८९२ मध्ये जॉन हॉपकिन्सन याने यावर उपाय सुचविला : बिलाचे दोन भाग असावेत, एक ग्राहकाच्या कमाल मागणीवर, म्हणजे शक्तीवर, आणि दुसरा त्याच्या एकूण वापरावर, म्हणजे ऊर्जेवर. आपल्या बिलात ‘स्थिर आकार’ व ‘वीज आकार’ अशा दोन निराळ्या ओळी असतात आणि वर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो, त्यामागील मूळ विचार हाच. शक्ती आणि ऊर्जा यांचा भेद सामान्य माणसाच्या घरी पोचला तो असा, देयकाच्या दोन ओळींच्या रूपाने.

येथवर गणना सोपी होती. प्रत्यावर्ती प्रवाहाचा प्रसार होताच ती अवघड झाली. प्रत्यावर्ती परिपथात दाब व प्रवाह दोन्ही लाटेप्रमाणे वरखाली होतात. आपल्याकडे हे आवर्तन सेकंदास ५० वेळा होते. दिव्याच्या तारेत दोन्ही लाटा बरोबर चालतात, परंतु मोटरीच्या वेटोळ्यात प्रवाहाची लाट दाबाच्या लाटेमागे पडते. मग मापकावरील व्होल्ट व मापकावरील अँपिअर यांचा गुणाकार केला तर प्रत्यक्ष कामापेक्षा मोठा आकडा येतो. खाडीतली होडी काठावरून दोरीने ओढणाऱ्या माणसाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. दोरी तिरकी असते, त्यामुळे त्याच्या ओढीचा एक अंश होडीला पुढे नेतो व दुसरा तिला काठाकडे खेचतो. पुढे नेणारा अंश किती हे दोरीच्या कोनाच्या कोज्येवरून ठरते. त्याचप्रमाणे खरी शक्ती म्हणजे दाब, प्रवाह व त्यांच्यामधील कलांतराची कोज्या यांचा गुणाकार. या कोज्येला मराठी परिभाषेत शक्तिगुणक असे नाव आहे, वायरमनच्या तोंडी ‘पॉवर फॅक्टर’.

१८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफुर्ट अशी सुमारे १७५ किलोमीटर लांबीची त्रिकला-वाहिनी प्रात्यक्षिकासाठी उभारण्यात आली. तीत दोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की याचा प्रमुख वाटा होता. तीन तारांतून जाणारी शक्ती मोजावी कशी, याचे सर्वसाधारण उत्तर १८९३ मध्ये ब्लाँडेलने दिले. जितक्या तारा त्याहून एक कमी इतके वॅटमापक पुरेसे होतात, म्हणून तीन तारांस दोन मापक. त्याच वर्षी शिकागोच्या परिषदेत स्टाइनमेट्झने संमिश्र संख्यांच्या साहाय्याने प्रत्यावर्ती परिपथाची गणना बीजगणिताइतकी सुकर करून दाखविली. कोनात मोजावयाची गोष्ट त्याने बेरीज-गुणाकारात आणली. आजही पदविकेच्या वर्गात विद्यार्थी जी रीत शिकतो ती मूलतः हीच आहे.

हे सर्व ज्ञान महाराष्ट्रात आले ते अश्वशक्तीच्या पाठीवरून. मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत व त्यांचे मालक इंजिनांची भाषा जाणत. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून खोपोलीला खाली सोडावयाचे व त्या विजेवर या गिरण्या चालवावयाच्या, ही जमशेदजी टाटांच्या मनातली योजना त्यांच्या पश्चात साकार झाली. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. पुढे भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे आली. स्वातंत्र्योत्तर काळात कोयनेची यंत्रे १९६२ पासून फिरू लागली, आणि टप्प्याटप्प्याने तेथील एकूण क्षमता सुमारे १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. बांद्याच्या बाजूस पाहिले तर दोडामार्ग तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी तिलारीचे जलविद्युत् केंद्र आहे. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी तेथे खाली सोडले जाते. त्याची क्षमता ६० मेगावॅट, म्हणजे वॅटच्या जुन्या भाषेत सुमारे ८० हजार घोडे. आकडा केंद्राच्या क्षमतेचा आहे, त्याने एका दिवसात किती ऊर्जा दिली हे सांगावयाचे तर किती तास यंत्र चालले ते विचारलेच पाहिजे.

आता परिभाषेच्या इतिहासाकडे वळू. मराठीत विज्ञान लिहिण्याची परंपरा लहान नाही. याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ व १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढले, आणि ‘दिग्दर्शना’तून शास्त्रीय विषय मराठी वाचकांपुढे ठेवले. १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले. दाते व कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यस्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय निर्माण होऊन निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश तयार होऊ लागले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि १९७६ पासून मराठी विश्वकोशाचे खंड वाचकांच्या हाती येऊ लागले.

या प्रयत्नांचा एक मोठा लाभ झाला. ऊर्जा हा शब्द शक्तीपासून सुटा झाला. ‘ऊर्ज्’ हे मूळ वैदिक असून बळ, पुष्टी असा त्याचा अर्थ. मराठीत ते ‘ऊर्जितावस्था’ या शब्दातून आधीच परिचित होते, म्हणून नवा शब्द परका वाटला नाही. आज शाळकरी मुलगाही ‘सौरऊर्जा’ म्हणतो, ‘सौरशक्ती’ क्वचितच म्हणतो. परंतु सर्वच ठिकाणी असे एकमत झाले नाही. विश्वकोशाने बलासाठी ‘प्रेरणा’ हा शब्द स्वीकारला, शालेय पुस्तकांनी ‘बल’ पत्करले. विश्वकोशात ‘विद्युत् मंडल’ आहे, पाठ्यपुस्तकात ‘परिपथ’. दोन्ही शब्द व्युत्पत्तीने निर्दोष आहेत. तथापि ज्या राज्यात ‘विद्युत मंडळ’ ही अनेक वर्षे एक संस्था होती, तेथे परिपथाला मंडल म्हटल्याने वाचकाचा क्षणभर तरी गोंधळ होतो. या एका कारणासाठी प्रस्तुत लेखकाने ‘परिपथ’ स्वीकारला आहे.

एक गोष्ट मात्र मराठीने कोणी न सांगता साधली, आणि तिच्याकडे परिभाषाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. इंग्रजीत ‘पॉवर’ हा शब्द दरासाठी आहे आणि तारेतून येणाऱ्या विक्रेय वस्तूसाठीही आहे. मराठीने त्या वस्तूला ‘वीज’ म्हटले : वीजपुरवठा, वीजचोरी, वीजदर, वीजबिल. ‘विद्युत्’पासून प्राकृत ‘विज्जु’मार्गे आलेला, आकाशातील लखलखाटासाठी घरोघर वापरला जाणारा हा तद्भव शब्द नव्या वस्तूला सहज लागला. बोलीने त्याजोगा ‘लाईट’ घेतला व त्यास विजेचेच स्त्रीलिंग दिले, म्हणून ‘लायट गेली’. अशा रीतीने मराठीत तीन गोष्टींस तीन शब्द उपलब्ध आहेत : वस्तूला वीज, साठ्याला व हिशेबाला ऊर्जा, दराला शक्ती. इंग्रजीपेक्षा ही व्यवस्था अधिक स्वच्छ आहे. ती वापरावयाची की मोडावयाची, एवढेच आपल्या हाती आहे.

या भेदाला व्यवहारात किती मोल आहे हे एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणाने पाहू. बागायतीतील पाच अश्वशक्तीची मोटर घ्या. पाच गुणिले ७४६ म्हणजे ३,७३० वॅट, ही झाली मोटरीच्या आसावर मिळणारी यांत्रिक शक्ती. मोटरीची कार्यक्षमता शेकडा ८० धरली तर तारांतून सुमारे ४,६६० वॅट घ्यावे लागतील. तीन तास चालविल्यास सुमारे १४ युनिटे. आता प्रवाह किती? त्रिकला परिपथात शक्ती म्हणजे तीनचे वर्गमूळ (१.७३२), तारांमधील दाब, प्रवाह व शक्तिगुणक यांचा गुणाकार. दाब ४१५ व्होल्ट व शक्तिगुणक ०.८ असेल तर प्रवाह सुमारे ८.१ अँपिअर येतो. योग्य मापाचे धारित्र, म्हणजे बाजारातील ‘कपॅसिटर’, लावून शक्तिगुणक ०.९५ केला तर तेच काम सुमारे ६.८ अँपिअरमध्ये होते. वाहिनीत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती जूलच्या नियमाने प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती शेकडा २९ च्या आसपास घटते. लांब वाहिनीच्या शेवटच्या टोकाशी असलेल्या वाडीत ‘व्होल्टेज नाही’ ही तक्रार व ‘डीपी जळाली’ ही वार्ता यांचे एक कारण या कोज्येत दडलेले असते.

आणि येथे परिभाषेची एक चूक खिशाला लागते. कोज्येने न गुणलेल्या, म्हणजे केवळ दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराला आपण ‘आभासी शक्ती’ म्हणतो. मूळ इंग्रजी शब्दात ‘वरवर दिसणारी’ एवढाच भाव आहे, ‘आभासी’ या मराठी शब्दात मात्र ‘मिथ्या’ ही छटा आहे. वस्तुतः ती मिथ्या मुळीच नाही. रोहित्राची तार तिच्याच प्रवाहाने तापते, आणि रोहित्राचे माप याच कारणाने किलोवॅटमध्ये न देता किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये देतात. महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची वीजआकारणीही किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर होऊ लागली आहे. ज्या राशीला आपण आभास म्हणतो तिचे दाम रोख मोजावे लागते, ही भाषेची नामुष्की आहे. ‘दृश्य शक्ती’ हा शब्द येथे अधिक प्रामाणिक ठरेल असे आम्हास वाटते. मापकांवर जी दिसते ती दृश्य, कामास जी येते ती खरी, आणि जी आवर्तनागणिक जाते व परत येते ती प्रतिघाती.

दुसरे उदाहरण शेतीपंपांचे. ज्या पंपांना मीटर नाहीत त्यांचे बिल दीर्घकाळ अश्वशक्तीवर आकारले गेले. म्हणजे ऊर्जा विकली व शक्तीचे पैसे घेतले. अशा व्यवस्थेत पंप एक तास चालला काय व दहा तास चालला काय, आकडा तोच. त्यामुळे शेतकऱ्याने किती वापरले हे त्याला कळत नाही व पुरवठादाराने किती दिले हेही अंदाजावर राहते. २००३ च्या विद्युत अधिनियमाने मीटरशिवाय पुरवठा करू नये असे सांगितले ते यासाठीच. २०२४ मध्ये राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. तिची मर्यादाही शक्तीच्या मापात आहे, दिली जाते ती मात्र ऊर्जा. योजना इष्ट की अनिष्ट हा या लेखाचा विषय नव्हे. तिच्यावरील चर्चा नेमकी व्हावयाची असेल तर या दोन राशी वेगळ्या ठेवणारी भाषा हवी, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

परिभाषा कोणती टिकते, याचाही धडा या इतिहासात आहे. ‘भारनियमन’ हा शब्द पाहा. तो संस्कृतप्रचुर आहे, सहा अक्षरी आहे, आणि तरीही बांद्यापासून भंडाऱ्यापर्यंत तो निरक्षरासही ठाऊक आहे, कारण ज्या गोष्टीचे ते नाव तिचा अनुभव प्रत्येकाने अंधारात बसून घेतला. उलट ‘शक्तिगुणक’ कोशातच राहिला, कारण त्याचा अनुभव ज्यांना आला त्या वायरमनला व कारखानदाराला तो शब्द कोणी सांगितलाच नाही. शब्द कठीण आहे म्हणून पडतो असे नाही, वस्तूपासून तो दूर ठेवला म्हणून पडतो.

हा प्रश्न आज केवळ पांडित्याचा राहिलेला नाही. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास अनुमती दिली. मराठीतून परिपथ शिकणारा विद्यार्थी आता प्रत्यक्षात आहे. त्याच्या एका पुस्तकात प्रेरणा व दुसऱ्यात बल, एका पानावर अणुशक्ती व दुसऱ्यावर अणुऊर्जा आली तर तो पुन्हा त्याच गुंत्यात सापडेल ज्यातून युरोप १८४७ नंतर हळूहळू बाहेर पडला. म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शास्त्रीय लेखनात ‘शक्ती’ हा शब्द कामाच्या दरासाठीच राखून ठेवावा. गुरुत्वाकर्षणाला बल व अणूला ऊर्जा द्यावी, जुनी स्थलनामे अर्थातच तशीच राहोत. वॅट, व्होल्ट, अँपिअर, युनिट हे शब्द मराठीच मानावेत व त्यांना मराठीचे प्रत्यय लावावेत, बोलीने ते केव्हाच केले आहे. आणि प्रत्येक परिभाषेची कसोटी कोशात न पाहता गणितात पाहावी : शब्दाशेजारी त्याचे एकक लिहून वाक्य वाचावे, एकक जुळले नाही तर वाक्य चुकले.

या कसोटीवर ‘दररोज साठ मेगावॅट वीज’ हे वाक्य टिकत नाही, आणि ‘पाच एचपीची मोटर तीन तास चालवली, चौदा युनिटां पडली’ हे बांद्याचे वाक्य टिकते.